सहभागाबद्दल

जून लागला की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही. सगळे खाली बसून जेवतात, कारण टेबलावर सन्मानपत्रं वाळत पडलेली असतात. कट निबेनं लिहिलेली शाई पंख्याखाली वाळवायची नसते. कागद उडतो आणि ओल्या अक्षरावर दुसऱ्या पत्राची पाठ बसते. पहिल्याच वर्षी दोन डझन पत्रं वाया घालवून मी हे शिकले. तेव्हापासून पंखा बंद, खिडकी उघडी आणि बाहेर पाऊस. कोल्हापूरच्या जूनमध्ये शाई वाळायला तिचा तिचा वेळ घेते. टेबलावर एका वेळी सोळा पत्रं मावतात. सोळा लिहायची, चहा टाकायचा, उचलायची, पुढची सोळा मांडायची.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळा पेठेतली आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही. ही पत्रं संगणकावर तासाभरात निघतील हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. पण नाव हातानं घातलेलं असावं असा पालकांचा आग्रह असतो. एका मुलाचे वडील एकदा पत्र निरखून म्हणाले, "मॅडम, अक्षर अगदी छापल्यागत हाय तुमचं." छापलेलं नको म्हणून हातानं लिहायचं आणि ते छापल्यासारखं दिसलं की कौतुक व्हायचं. असो. मला कौतुक चालतं.

मजकूर ठरलेला. अमुक अमुक हिने किंवा याने तमक्या परीक्षेत उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा. खेळ, चित्रकला, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन असं काही असेल आणि नंबर आला नसेल तर 'उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल' च्या जागी नुसतं 'सहभागाबद्दल'. २९ वर्षं मी हे लिहिते आहे. 'सहभागाबद्दल' मधला 'द्द' मला आता झोपेतही काढता येईल.

माझा स्वतःचा सत्कार १९८७ साली झाला. दहावी झाले, आणि आमच्या गल्लीतल्या तालमीनं गणपतीत गुणवंतांना बक्षिसं दिली. मला स्टीलचा डबा मिळाला, झाकणाचा, कडीचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. भांड्यांच्या दुकानात ते मशीन घेऊन बसलेला माणूस असतो ना, कर्रर्र करत नाव घालणारा, त्यानं एका बसणीत गल्लीतल्या सगळ्या पोरांची नावं घातली असणार. माझ्या नावातला रफार त्याच्या हातून सुटला. रफार गेला की माझ्या नावाला काही अर्थच उरत नाही. मंडपात लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, मी डबा घेतला, घरी आले, आणि दिव्याखाली बघितलं तर ही मुलगी कोण? आई म्हणाली, "डबा तर चांगला जाड हाय की." तो खरंच जाड आहे. ३८ वर्षं झाली, त्यात तूरडाळ असते. सासरी आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हा डबा कुणाचा गं?

तो रफार मला अजून टोचतो असं म्हटलं तर लोक हसतात. हसू देत.

आता आमच्या समारंभाचं सांगते. दहावीचा निकाल पूर्वी जूनमध्ये लागायचा, अलीकडे लवकर लागतो. २०२४ ला २७ मे, २०२५ ला तर १३ मे. दुपारी एकला संकेतस्थळ उघडतं, दोनच्या आत पेढ्यांच्या दुकानात रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत चौकात पहिलं डिजिटल चढतं. डिजिटल म्हणजे आमच्याकडे फ्लेक्सचा बोर्ड. त्यावर मधे मुलगी, तिचे टक्के तिच्या चेहऱ्याएवढे मोठे, आणि भोवती शुभेच्छुकांचे फोटो. शुभेच्छुक जास्त, मुलगी एक. पण मी डिजिटलची चेष्टा करणाऱ्यांतली नाही. ज्या पोरीला घरात कुणी 'बस जरा' म्हणालं नव्हतं तिचा फोटो दहा फुटांवरून चौकाकडे बघतोय, तिची आई दळणाला जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जाते, हे मी बघितलेलं आहे. कोल्हापूरला गाजावाजा आवडतो आणि दहावी पास झालेल्या पोराला तो शोभतो.

मग पुढचे दोन महिने सत्कारच सत्कार. शाळेचा, तालमीचा, पतसंस्थेचा, ज्ञातीचा, आणि गावाकडं दूध संस्थेचा, सभासदांच्या पाल्यांसाठी, वार्षिक सभेत अहवालवाचनानंतर. बऱ्याच जणांना २६ जून हवा असतो, शाहू महाराजांची जयंती म्हणून. त्या दिवशी शहरातलं सभागृह मिळवायचं म्हणजे निकालाआधीच नंबर लावावा लागतो. दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि पुतळ्याच्या भोवती त्यांच्या काळातली बोर्डिंगं. पहिलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ साली निघालं, मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्या चौकातून फेटे बांधलेली पोरं सभागृहाकडं पळताना बघते तेव्हा मला तो रुपया आठवतो.

फेटे बांधणारा सकाळी सातलाच येतो. रांगेत उभं केलेलं डोकं, दोन वेढे, चिमटा, तिसरा वेढा, तुरा, पुढचं डोकं. मुली केसांच्या पिनांचा पुडा दातांत धरून उभ्या. नऊ वाजता पाहुणे यायचे असतात, ते पावणेअकराला येतात. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक. मग टक्क्यांच्या उतरत्या क्रमानं नावं. ९८ टक्क्यांपासून सुरुवात होते, ९० पर्यंत टाळ्या कडकडून असतात, ८५ ला विरळ होतात, आणि ८० च्या खाली येईपर्यंत मागच्या बाजूनं उप्पिटाचा वास सभागृहात शिरलेला असतो. खेळाडू, चित्रकार, हलगी वाजवणारे, नाटकवाले सगळ्यात शेवटी. निवेदक घड्याळाकडे बघतो आणि ते वाक्य म्हणतो: वेळेअभावी क्रीडा व कला विभागातील सर्व विद्यार्थ्यांनी एकत्रित मंचावर यावं. तीस पोरं दाटीवाटीनं चढतात. पाहुणे एकाच्याच हातात गठ्ठा देतात. फोटो निघतो. खाली उतरल्यावर पोरं आपापसांत पत्रं वाटून घेतात, "तुझं माझ्याकडं हाय बघ."

बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका समारंभानंतर एक मुलगा माझ्याकडे आला. शाळेच्या फुटबॉल संघाचा गोली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगायला एक वेगळा लेख लागेल. शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या संघांचा सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात एवढं पुरे. या पोराला दहावीला ५४ टक्के. फेटा त्यानं काढून काखेत धरलेला. हातात पत्र. माझ्या हातचंच.

"मॅडम, हे चुकलंय."

मला वाटलं नाव चुकलं. माझा रफार आठवून पोटात गोळा आला. नाव बरोबर होतं.

"शालेय फुटबॉल स्पर्धेत सहभागाबद्दल असं लिवलंय."

"मग? होतास ना संघात?"

"सहभाग न्हवं मॅडम. फायनल टायब्रेकरवर गेली. मी दोन किका आडवल्या. एक उजवीकडं झोकून. दुसरी पायानं."

तो रागावलेला नव्हता. बसमध्ये कंडक्टरनं चुकीचं तिकीट दिलं की आपण जसं सांगतो तसं सांगत होता. मी म्हटलं, उद्या ये. घरी जाऊन नवा कागद घेतला आणि लिहिलं: शहर पातळीवरील अंतिम सामन्यात, टायब्रेकरमध्ये दोन फटके अडवून शाळेला विजय मिळवून दिल्याबद्दल. ओळ लांब झाली, दोन ओळींत बसवावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती ओठ हलवत वाचली. "आता बरोबर हाय," म्हणाला आणि गेला. आभार वगैरे काही मानले नाहीत. कशाला मानेल?

त्या रात्री मला खासबाग आठवलं. माझे वडील मला लहानपणी कुस्त्यांना न्यायचे. बायकामुली तिथं फारशा नसायच्या, पण मी पाच वर्षांची, खांद्यावर. खासबागच्या मातीभोवती बसलेला माणूस 'छान खेळला' असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, घिस्सा बसला बघ. ढाक लावायला गेला आणि पट निघाला. एकलंगी घेतली असती तर तिथंच चितपट होता. ऊसतोड करणारा माणूस असो नाहीतर सोन्याचा व्यापारी, डावाचं नाव सगळ्यांना येतं. हरलेल्या पैलवानालाही लोक जाताना पाठीवर थाप मारून सांगतात, तुझा पट चांगला होता, हात तेवढा उशिरा आला. ज्या गावाला कुस्तीतलं इतकं बारीक दिसतं, त्या गावातल्या शाळेत मी वर्षानुवर्षं 'सहभागाबद्दल' लिहीत बसले होते.

खाशाबा जाधवांची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक क्रीडादिनाला सांगितली जाते, बहुतेक वेळा पदकापासून. मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, कॉलेजचं शिक्षण आणि कुस्ती कोल्हापुरात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे पुरेनात, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. मुलांना मिरवणूक आवडते. मला गहाणखताचा दिवस डोळ्यासमोर येतो. पदक अजून नाही, मिळेल याची खात्री नाही, चार वर्षांपूर्वीचा निकाल 'सहावा', आणि एक प्राचार्य कागदावर सही करतोय. त्याला या मुलाचा कुठला डाव कसा बसतो हे ठाऊक असल्याशिवाय ती सही झाली असेल असं मला वाटत नाही.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि तेही आलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत. १ ऑगस्ट २०२४, दुपारी एकची वेळ. आम्ही शिक्षकखोलीत एका मोबाइलवर सहा डोकी घालून बघत होतो. पन्नास मीटर रायफल, गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून. स्वप्निल कुसाळेला ब्राँझ. पुढं डिजिटल, गुलाल, मिरवणूक, सगळं झालं आणि व्हायलाच हवं होतं. हा मुलगा २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत गेला तेव्हा आमच्या आठवी-नववीच्या पोरांएवढा होता. मधली १५ वर्षं कुठल्या चौकात कुठलं डिजिटल लागलं होतं?

गोलीचं पत्र लिहिल्यावर मी एक वही केली. साधी दोनशे पानी, मागच्या बाजूनं उलटी सुरू केलेली. चित्रकलेच्या शिक्षिकेला एक फायदा असतो: आमच्या तासाला पोरं बोलतात. समोर घट आणि दोन लिंबं ठेवून स्थिरचित्र काढायला लावलं की अर्ध्या तासानं हात आपोआप चालतो आणि तोंड सुटतं. कोण पहाटे पाचला गंगावेशीत दुधाच्या किटल्या उतरवतं, कुणाची बहीण परवा पळून गेली, कोण धाकट्या भावाचं डायपर बदलून शाळेत येतं, सगळं तिथं कळतं. मी ऐकते आणि घरी येऊन दोन ओळी टिपते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, बीला ५, सीला ३. त्यामुळे हल्ली पालक मला विचारू लागलेत, मॅडम, ए ग्रेडची गॅरंटी काय? त्या ७ गुणांसाठी आलेल्या वर्गात वही जास्त भरते हे मात्र खरं.

त्या वहीतली माझी आवडती नोंद करवीरमधल्या एका गावच्या मुलीची आहे. घरचं गुऱ्हाळ. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की वर मळी येते, ती काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. किती घालायचा ते गुळव्या हातानं ठरवतो. ही पोरगी नववीत असताना त्याला म्हणाली, आबा, मापानं घालून बघूया. मोठ्या काहिलीला तिला कोण हात लावू देणार? तिनं पाच पातेली घेतली, सारखा रस, भेंडीचं पाणी प्रत्येकात वेगळं, एक चमचा, दोन, तीन, आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावून मळी काढली. ती वाळवून दागिने मोजायच्या छोट्या काट्यावर तोलली. काटा मामाकडून आणलेला, मामाचं हुपरीत चांदीचं काम. शेवटी तिच्या आकड्यांनी जे सांगितलं, त्याच्या अगदी जवळपास गुळव्याचा हात निघाला. ती थोडी हिरमुसली. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, मग यात नवीन काय? तिला उत्तर सुचलं नाही. नंबर आला नाही.

मी तिच्या पत्रावर लिहिलं: रस गाळण्यासाठी लागणाऱ्या रानभेंडीच्या पाण्याचं प्रमाण स्वतः प्रयोग करून काढल्याबद्दल, आणि ते गुळव्याच्या अंदाजाशी जुळतं हे दाखवल्याबद्दल. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, हे मी आबांना दावतो." आमच्याकडच्या मुली 'मी येतो, मी दावतो' असंच बोलतात, पुण्याचे पाहुणे अजून दचकतात. नंतर कळलं, ते पत्र गुऱ्हाळावर लावलंय, गुळव्याच्या डोक्यावर, कारण त्यात त्याचंही नाव आलं असं तो मानतो. नाव आलेलं नाही, 'गुळव्या' एवढंच आहे. त्याला तेवढं पुरलं.

अर्थात हे सगळं शाळेला लगेच पटलं नाही. तेव्हाचे मुख्याध्यापक सज्जन होते पण नियमाचे. गोलीचं पत्र त्यांच्या हाती लागलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, हे सन्मानपत्र आहे, सामन्याचा वृत्तांत नव्हे. उद्या संस्थेची माणसं विचारतील. सगळ्यांना सारखं लिहा." सारखं लिहिणं न्याय्य आहे हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. एकाला दोन ओळी आणि दुसऱ्याला अर्धी, हे पोरांच्या लक्षात येतंच. शेवटी तोडगा निघाला: छापील मजकूर तसाच, त्याखाली दोन बोटं जागा मोकळी, तिथं मॅडमनी बारीक अक्षरात काय लिहायचं ते लिहावं. ती दोन बोटं मला पुरतात.

पुरत नाहीत तेव्हा दोष माझा असतो. एक मुलगा होता, तीन वर्षं वर्गात. ६१ टक्के. कुठल्या संघात नाही, कुठल्या भांडणात नाही. चित्र सांगितलं तेवढं काढायचा. पत्र लिहायला बसले आणि वहीत त्याच्या नावापुढं काही नव्हतं. मागची पानं चाळली, तिथंही नव्हतं. वर्गशिक्षकांना फोन केला, ते म्हणाले, "चांगला मुलगा आहे." मी त्या दोन बोटांत वेलबुट्टी काढली. त्यानं पत्र घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि बाजूच्या मुलाच्या पत्रावर काय लिहिलंय ते वाचत राहिला.

टक्क्यांचं म्हणाल तर त्याबद्दल माझा आदर थोडा कमी झालाय, आणि त्याला कारण बोर्डाचेच आकडे. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे तोंडी गुण काढून घेतले; राज्याचा निकाल घसरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के पास. त्या वर्षीच्या मुलांना आम्ही सभागृहात बोलावू शकलो नाही. पत्रं मी तशीच लिहिली, आणि मुलं एकेक करून मास्क लावून फाटकापाशी येऊन घेऊन गेली. एकजण मला म्हणाला, "मॅडम, आमचं काय खरं न्हाई. पेपरच दिला न्हाई तर उज्ज्वल यश कशाचं?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो निकाल १६ जुलैला लागला आणि आठवड्याभरात पंचगंगेला पूर आला. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी दोन्हीच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं दर मोठ्या पुराला जनावरं घेऊन सोनतळीला जातात तशी गेली. ऑगस्टमध्ये चिखलीची एक मुलगी दाखला न्यायला आली. काम झालं तरी जाईना. पायातल्या चपलांना अजून गाळाचा रंग.

"मॅडम, एक काम हुतं. ते आठवीतलं पत्र परत लिवून देशीला का?"

घरात पाणी छातीएवढं आलेलं. रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं, सगळं भिजलं. ती म्हणाली, त्यांचं काय न्हाई, ती डुप्लिकेट मिळत्यात, पप्पा हेलपाटे मारायलेत. मार्कलिस्ट हरवली तर बोर्ड दुसरी देतं. पण आठवीत २०० मीटर धावण्यात ती तिसरी आली होती, ते पत्र वडिलांनी फ्रेम करून टीव्हीवर लावलेलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची एक आडवी रेघ राहिली, आणि रेघेच्या खाली एक स्वच्छ चौकोन, फ्रेम होती तेवढा.

"आई म्हणते भिंत रंगवूया. पप्पा म्हणत्यात आधी ते लाव, मग रंगव."

मी विचारलं, त्यावर खाली काय लिहिलं होतं? माझ्या वहीत ते पान होतं, पण मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं एका दमात म्हणून दाखवलं, शाळेची प्रार्थना म्हणावी तसं: पायात काटा रुतलेला असतानाही न थांबता अंतर पूर्ण केल्याबद्दल. मग जरा थांबून म्हणाली, "काटा न्हवता मॅडम, काच हुती. तवा मी लाजून सांगितलं न्हाई. ह्या बारीला काच लिवा."

मी काच लिहिलं.

यंदाची पत्रं परवा संपत आली. रात्रीचे साडेदहा, टेबलावर शेवटची सोळा. उद्यमनगरात फौंड्रीत कामाला आलेल्या एका बिहारी कुटुंबातला मुलगा मागच्या वर्षी आमच्याकडे आला, मराठी फारसं न येणारा. वर्गातल्या एका मुलीनं त्याला वर्षभर मधल्या सुट्टीत मराठी शिकवलं. तिला स्वतःला ६८ टक्के पडले. तिच्या पत्राची खालची ओळ मी आधीच लिहून ठेवली होती: वर्गमित्राला जोडाक्षरांसह मराठी शिकवल्याबद्दल. आता नाव. हजेरीपटात कृतिका आहे, एका त चं. तिच्या चित्रांखाली ती कृत्तिका अशी सही करते, दोन त ची. मी पाच मिनिटं निब हवेत धरून बसले, मग घरी फोन लावला. आईनं उचलला.

"नाव व्हय? आवं मॅडम, तिच्या आज्जीनं ठेवलंय ते. आमी आपलं कृती म्हणतो. एक त का दोन ते तिलाच ठावं." मग आवाज खाली आणून, "झोपलीया. उठवू का?"

"नको, नको. सकाळी विचारून सांगा."

"सकाळी सांगतो. दोन असलं तर दोन लिवा बरं का, एक असलं तर एक."

पंधरा पत्रं वाळत होती. सोळाव्यावर नावाच्या जागी पेन्सिलीची रेघ तेवढी मारली, निब धुतली आणि दिवा घालवला.